बोटभर फट

"साहेब, सांगून तुमचा विश्वास बसायचा नाही. माझाही बसला नसता, पण हे दोन डोळे होते ना!" सहकारी सोसायटीची ही वखार सांभाळणाऱ्या गोविंदराव चुरींनी चष्मा कपाळावर चढवला. गोष्ट रंगात यायला लागली की त्यांना चष्म्याची अडचण होई. "कोयनेला जमीन हलली ना, त्या पहाटे ही अख्खी वखार डहाणूच्या दिशेनं सव्वा हात चालत गेली. तिथं जरा थांबली. आणि घरी काहीतरी विसरल्यासारखी मुकाट्यानं परत येऊन आपल्या पायांवर उभी राहिली. खाली भाताची पोती होती, ती आपापल्या जागा बदलून बसली. आणि आशागडला एकाच्या कोंबडीनं त्या सकाळी अंडं दिलं ते, साहेब, चपटं! भाकरीसारखं."

ठाण्याहून तपासणीला आलेला इंजिनियर अमृत सावे वहीतून मान वर न काढता हसला. वय असेल पंचवीस-सव्वीस, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि एक घडीची पट्टी. "आणि तुम्ही कुठं होता तेव्हा?"

"मी? मी हा खांब धरून उभा होतो. म्हणून तर ती परत आली."

कोपऱ्यात चटया झटकून गुंडाळत बसलेल्या बालवाडीच्या मदतनीस सोमीनं एवढा मोठा धुरळा उडवला की दोघेही खोकले. पोरं नुकतीच घरी गेली होती. खोलीत त्यांच्या डोक्याच्या तेलाचा आणि खडूचा वास अजून रेंगाळत होता, आणि गोविंदराव तो वास न घेतल्यासारखं करून घेत होते.

खरं पाहिलं तर त्या पहाटे गोविंदराव तलासरीपासून वीस मैल लांब, डहाणू रोडला आपल्या एकट्याच्या खोलीत गोधडीत होते. धक्का म्हणावा असा धक्काही नव्हता तो. कोणीतरी जाता जाता खाटेच्या पायाला गुडघा लावून निघून जावं, तेवढंच. तांब्यावरची वाटी मात्र किणकिणत राहिली, जरा जास्तच वेळ, थंडीत दात वाजावेत तशी. बाहेर कुत्री एकदम गप्प झाली. दोनशे मैलांवर माणसं भिंतींखाली गेली होती हे कळायला त्यांना दुपार आणि रेडिओ लागला. पहाटे ते नुसते अंधारात उठून बसले, वाटीवर हात ठेवला, ती थांबली, आणि ज्या माणसाला तीन जागी निजलेले भाऊ, त्यांची पोरं, वाडीतलं जुनं घर आणि त्या घराची कौलं आठवायला हवी होती त्याला एक फट आठवली. बोटभर रुंद, पुरुषभर उंच. जी नऊ वर्षांपूर्वी बुजवलेली होती. तिचं काय झालं असेल? एवढंच डोक्यात. तोंडात चूळ भरून ते पहिल्या एसटीला जाऊन बसले. स्टेशनाबाहेर चिकूच्या करंड्या रचत होते, खालच्या वाटेनं सुक्या बोंबलांच्या टोपल्या येत होत्या, कंडक्टर विचारत होता काका तुमच्याकडे कपबश्या फुटल्या का, आणि गोविंदरावांना या सगळ्याचा राग येत होता, म्हणजे वेळेचा, म्हणजे गाडी सुटत नव्हती त्याचा. वखारीचं कुलूप काढून ते आत गेले. आणि मग त्यांनी पाहिलं की बालवाडीकडच्या पडदीवर, त्या मधल्या पातळ भिंतीवर, वरच्या कोपऱ्यातून खालच्या कोपऱ्यापर्यंत एक तिरपी भेग उतरली होती, आणि जिथं भिंत लोखंडी खांबाला भिडत होती तिथल्या जुन्या चुन्याच्या पट्टीचे दोन-चार पापुद्रे सुटून खाली पडले होते. त्यांनी चष्मा काढून डोळा लावला. पलीकडून उजेड येत होता. सुईत ओवता येईल एवढा.

आठ दिवस त्यांनी ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. हे मात्र खरोखर कोणाला पटलं नसतं, कारण गोविंदराव आणि आठ दिवस गप्प! रोज संध्याकाळी सगळे गेले की ते त्या उजेडापाशी उभे राहत. मग सोसायटीच्या चेअरमननी भेग पाहिली, ठाण्याला कागद गेला, आणि आज हा मुलगा आला होता, खिशात पट्टी घेऊन, त्या उजेडाची रुंदी मोजायला.

"पडदी आहे म्हणता ना ही?" अमृत भिंतीवर नखानं टकटक करत म्हणाला. "बिनभाराची?"

"पडदीच. अर्ध्या विटेची. वरचा माळा खांबांवर, पत्रे खांबांवर. हिच्या डोक्यावर काही नाही. काढून टाकली तरी वखार हूं की चूं करणार नाही."

"तेच तर आम्हाला पण शिकवतात." अमृत उकिडवा बसला, आणि हातातल्या दोन पेन्सिली उभ्या धरून वर पट्टी आडवी ठेवली. "आकडेमोड करताना अशा भिंतीचं वजन धरतात, ताकद धरत नाहीत. म्हणजे कागदावर ती फक्त ओझं. पण हलायला लागलं की भिंतीला थोडंच माहीत असतं आपण कागदावर नाही म्हणून? हे बघा. हे दोन लोखंडी खांब, ही तुळई. धक्का आला की हे असं कलतं, चौकोनाचा पतंग होतो. कलायला मोकळं असलं तर कलेल, परत येईल. लोखंडाचा स्वभावच आहे तो. मध्ये घट्ट भिंत असली तर ते कलू शकत नाही; भिंत आडवी येते. सगळा जोर तिच्या कोपऱ्यात. मग ती तिरपी फाटते. ही फाटलीय तशी."

"म्हणजे हिनं वाचवलं."

"वाचवलं आणि बिघडवलंही. बाकी सगळीकडे तुमचे पत्रे, या एकाच टोकाला वीट. ही बाजू घट्ट, ती सैल. मग इमारत सरळ डुलत नाही, पिळते. त्या पलीकडच्या खांबाच्या बुडाचे दोन बोल्ट ढिले झालेत, पाहिलेत? भेग इथं, दुखणं तिथं. इकडे धक्का फार लांबून आला, म्हणून एवढ्यावर निभावलं." तो उठला. "आणि मजा म्हणजे मूळ नकाशा बरोबर आहे. पाहिलाय मी. भिंतीच्या दोन्ही अंगांना बोटभर फट दाखवलीय, वरून फक्त लोखंडी कानांनी, म्हणजे वाकवलेल्या पट्ट्यांनी, धरलेली. १९५८ सालात, तलासरीत! कोणी काढला हो हा नकाशा?"

कोणी काढला? गोविंदरावांना एकदम कोऱ्या करकरीत ट्रेसिंग कापडाचा वास आला, आणि त्यावर वाकलेल्या बावाजींच्या मिश्यांना लागलेल्या ताडीचा. बावाजी म्हणजे रेल्वेतून निवृत्त होऊन डहाणूला चिकूची वाडी घेऊन राहिलेले पारशी इंजिनियर. लढाई संपल्यावर भंगारात निघालेल्या विमानांच्या शेडचं लोखंड सोसायटीला मिळालं, तेव्हा त्याची वखार कशी उभी करायची हे फुकट सांगायला ते एका पायावर तयार झाले, कारण वाडीत त्यांचं मन रमत नव्हतं, चिकू हलत नाहीत म्हणायचे. गोविंदराव तेव्हा चौतिशीतले, बांधकामावरचे सुपरवायझर. "गोविंद डिकरा," बावाजी म्हणायचे, "लोखंड काय करते ठाऊक? झुलते. आणि भिंत काय करते? काय पण नाय करते, उभी रहाते. आता एक झुलनारा अने एक उभा रहानारा, दोघांना मिठी मारून बांधून ठेवला तर कोण मरेल?" भिंत, बावाजी. "पहिले भिंत. पछी लोखंडचा पण हाथ मोडेल. क्वेट्टामां धरती हलली तेव्हा मी बघितला आहे, माझ्या डोळ्यांनी. म्हणून दोघांच्या मध्ये बोटभर जागा सोड. काथ्या भर, डांबर भर, नरम काय पण भर. चुना नको." आणि मग पेन्सिल कानावर ठेवून, जरा वेळानं, "बायडीशी पण असाच" असं म्हणून स्वतःच खोखो हसले होते. बावाजी पुढच्याच वर्षी गेले. फटीचं पुढं काय झालं ते त्यांना पाहावं लागलं नाही.

सुक्या गवंडी मात्र त्या फटीपायी रडायच्या बेताला आला होता. त्याच्या सगळ्या हयातीत त्यानं भिंत कधी उघडी सोडली नव्हती. "गोविंदशेट, माझी अब्रू जाते ना! भिंत करायची आणि दोन्हीकडं बोटबोट आखूड? लोक म्हणतील सुक्याला मोजता येत नाय." लोक म्हणतच होते. रस्त्यानं जाणारे गाडीवाले थांबून आत डोकवायचे आणि शिंप्यानं आखूड शिवलेल्या लेंग्यासारखी भिंत बघून पुढं जायचे. रस्त्याकडच्या अंगाची फट गोविंदरावांनी लगेच काथ्या-डांबरानं भरून घेतली. दुसरी त्यांच्या टेबलाशेजारची. तिच्यासाठी डांबर उद्या तापवू असं ठरलं. उद्या डांबर संपलं. मग पावसाळा आला, पावसाळ्यात डांबर धरत नाही. मग काथ्या चांगला येईना. सहा महिने गोविंदराव त्या काथ्याला नावं ठेवत राहिले, कारण भिंतीच्या या बाजूला त्यांचं टेबल, घड्याळ आणि आवक-जावकचा फळा होता, आणि त्या बाजूच्या खोलीत सोसायटीनं बालवाडीला जागा दिली होती, आणि बालवाडीला बकुळा तांडेल होती.

बकुळा डहाणूच्या मांगेल आळीतली. बाप होडीवर, आई सुकी मासळी घेऊन बाजारात बसे, आणि ही कोसबाडला शिकून इथं वारल्यांच्या पोरांना धुऊन-पुसून अक्षरं दाखवायला आली होती. चोवीस वर्षांची. चेहरा तिचा कसा होता हे गोविंदरावांना आज धड सांगता आलं नसतं. फटीतून दिसे ती एक उभी चिरी: निळ्या पातळाचा काठ, कधी कोपर, कधी एखाद्या पोराचं अर्धं कपाळ आणि त्याला तेल लावणारी दोन बोटं. आवाज मात्र पुरा येई. फटीतून येताना तो थोडा बारीक होई, कडेनं खरवडल्यासारखा, आणि सरळ गोविंदरावांच्या उजव्या कानात शिरे, डाव्याला पत्ताही लागत नसे. घड्याळ यांच्या बाजूला असल्यामुळे सुरुवात वेळेवरूनच झाली. गोविंदराव, किती वाजले? साडेदहा. आणि तुमच्या घड्याळात? माझ्याच घड्याळात म्हणतोय, पावणेअकरा. आणि खरे किती? अकरा. मग तिकडून हसू, आणि पोरांचंही, काही न कळता. शाळा अकराला सुटायची ती सव्वाअकराला सुटू लागली. हळूहळू पोरांना शोध लागला की भिंत बोलते. ती ओळीनं येऊन फटीला कान लावू लागली, आणि गोविंदराव वाघ कसा तलासरीच्या बाजारात चष्मा घ्यायला आला होता, समुद्र कसा एकदा बोर्डीला येऊन चिकू खाऊन गेला होता, असलं काहीबाही सांगू लागले. थापा मारायची सवय त्यांना तिथं लागली. त्याआधी ते फार कमी बोलणारे म्हणून ओळखले जात, हे आता कोणाला सांगितलं तर तीही थापच वाटेल. पोरं हसून हसून पडत, आणि त्यांच्या मागून, सगळ्यांच्या शेवटी, बकुळा हसे. ते शेवटचं हसणं ऐकण्यासाठी गोविंदराव रात्रभर वाघाची तयारी करून यायचे.

घरी एकदा, जेवताना, त्यांनी बालवाडीच्या बाईंचं नाव काढलं. आई भात वाढत होती. "मांगेल आळीतली ना ती?" एवढंच म्हणाली. रागानं नाही, आवाज चढवून नाही; आणि लगेच वाडीतल्या विहिरीच्या रहाटाचं बोलू लागली. पण गोविंदरावांच्या पानातला भात थंड झाला. एवढ्या साध्या प्रश्नावर काय उत्तर द्यायचं असतं? हो म्हणायचं असतं. हो, तीच. ते उत्तर आज नऊ वर्षं त्यांच्या टाळूला चिकटून आहे, आई जाऊनही पाच झाली.

मग तो मार्चमधला शुक्रवार. पोरं गेलेली. वखारीच्या पत्र्यांवर ऊन तडतडत होतं.

"गोविंदराव, भिंत बोलते का आज?"

"बोलते की. का?"

"तिला एक विचारायचंय." पलीकडे खडूचा डबा मिटल्याचा आवाज आला. "रविवारी सातपाटीची माणसं यायचीत आमच्याकडं. मला बघायला."

गोविंदरावांनी टेबलावरची पेन्सिल उचलली आणि परत ठेवली.

"त्याआधी कोणी येणार असेल तर मी बाबांना थांबवीन. ते माझं ऐकतात. थाप नको हां. एकच शब्द सांगा."

घड्याळ ऐकू येत होतं. पत्रा ऐकू येत होता. मग फटीत, विटेच्या कडेशी, तीन बोटांची टोकं आली. नखांत खडूची पूड. नुसती टेकलेली, मागत असल्यासारखी नाही, दमून हात टेकावा तशी. गोविंदराव त्यांच्याकडे बघत राहिले. मधे अंतर म्हणावं तर एक वीत. त्यांना आठवतं ते हे, की त्या वेळी त्यांच्या मनात काहीच नव्हतं, ना आई, ना आळी, ना वाडी. एक मोठी, पांढरी, चुना दिलेली जागा होती आणि त्या जागेत ते बसलेले होते. थोड्या वेळानं बोटं मागं गेली. आधी एक, मग दोन.

मधला शनिवार त्यांच्या आठवणीत कधीच नीट उभा राहत नसे. सोमवारी फट नव्हती. ओल्या चुन्याची एक पट्टी होती. कोणी विचारलं तर ते म्हणत, वारा येतो, पोरं खोकतात म्हणून बाईंनी बुजवून घेतली. पुढंपुढं कोणी न विचारताही म्हणत. सातपाटीची माणसं आली आणि गेली, ते जमलं नाही; का नाही, हे विचारायला आता भिंतीत जागा नव्हती. पावसाळ्यानंतर बकुळाला कोसबाडला नव्या बायांना शिकवायचं काम मिळालं. महिन्याच्या पहिल्या शनिवारी ती इथली बालवाडी बघायला येते, आणि महिन्याच्या पहिल्या शनिवारी गोविंदरावांना डहाणूला नेमकं काम निघतं. एकदा मात्र गाडी चुकली आणि स्टँडवर ती त्यांना पाठमोरी दिसली, छत्री मिटत असलेली. निळं पातळ नव्हतं. ते झाडाआड उभे राहिले, एसटी हलेपर्यंत, आणि मग त्या जागेपाशी जाऊन आले, जिथं ती उभी होती. छत्रीचं पाणी होतं. बस एवढंच. वर्षातून एकदा वखारीला चुना लागतो, पण ती पट्टी वरून कितीही पांढरी केली तरी भिंतीपेक्षा वेगळी दिसते, जरा करडी. कधी कोणी नसलं की ते तिच्यावर तळहात ठेवतात. ती उन्हाळ्यातही गार लागते. आणि तिच्याबद्दलची गोष्ट त्यांनी इतक्यांदा सांगितली आहे की आता त्यांना खरोखरच दिसतं, पलीकडच्या बाजूनं चुना भरला जातोय, आणि इकडे उजेड खालून वर बारीक होत जातोय, आणि आपण इथं बसलो आहोत, ज्याला बाहेर ठेवलं तो माणूस. त्या गोष्टीत बसायला एक जागा होती. तिथं ओढ मनात घेऊन निवांत बसता येत होतं.

"गोविंदराव?"

"हं?"

"फट कोणी बुजवली म्हणून विचारतोय." अमृतनं वहीचं नवं पान उघडलं होतं. "इथं लिहावं लागतं. मूळ नकाशात बदल, कोणाच्या सांगण्यावरून."

"बालवाडीच्या बाईंच्या," गोविंदराव म्हणाले. जिभेला वळणच होतं ते. "वारा यायचा ना. पोरं खोकायची."

"नाव?"

नाव! नऊ वर्षांत त्यांनी ते मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. बाई, त्या बाई, कोसबाडच्या बाई, एवढ्यावर भागलं होतं. आता ते ओठांवर आलं तेव्हा त्याचा आकार किती गोल आहे हे त्यांना कळलं. "बकुळा," ते म्हणाले, आणि थोडं थांबले, तोंडात धरून ठेवल्यासारखे, "बकुळा तांडेल." खोलीत ते नाव ऐकू आलं. कोपऱ्यात चटया झटकण्याचा आवाज बंद झाला.

अमृत लिहीत होता. शाई निळी होती. "वाईट झालं," तो लिहिता लिहिता म्हणाला. "सोसायटीच्या माणसानं केलं असतं तर मी नुसतं लिहिलं असतं, दोन्ही अंगांनी फट परत कापा, काथ्या भरा, मिटलं. तुम्हाला एखादा मेमो, फार तर. पण बाहेरच्या संस्थेच्या बाईनं सांगाड्यात हात घातला म्हणजे त्या संस्थेला इथं ठेवू नये असंच लिहावं लागणार. बालवाडीला खोली सोडावी लागेल. आणि बाईंना पत्र जाईल, खुलासा मागणारं. त्या आहेत ना अजून नोकरीत?"

"आहेत."

"तुम्ही खाली सही करा. साक्षीदार म्हणून."

वही समोर आली. इथं गोविंदरावांना एक शब्द बोलायचा होता, आणि तो काही अवघड नव्हता, मी, एवढाच. त्यांनी तोंड उघडलंही. पण 'मी' म्हटलं की पट्टीची ती सगळी गोष्टच उलटी होणार होती. मग बाहेर ठेवलेला माणूस कोण? मग नऊ वर्षं, ते झाडाआड उभं राहणं, तो गार तळहात, हे कोणाच्या नावावर जाणार? एका बाजूला कोसबाडला कुठंतरी टेबलावर पडणारं सरकारी पाकीट, ते फोडणारी बोटं, आत निळ्या अक्षरात 'गो. चुरी यांच्या सांगण्यानुसार'. दुसऱ्या बाजूला ते स्वतः, आपल्या गोष्टीत नीट बसलेले. अंगातून काहीतरी कलू पाहत होतं, आणि काहीतरी घट्ट आडवं येत होतं. अशा वेळी माणूस गप्प बसतो. गोविंदरावांना गप्प बसणं जमत नसे. चष्मा त्यांच्या कपाळावर कधी गेला हे त्यांचं त्यांना कळलं नाही.

"साहेब, विश्वास बसायचा नाही तुमचा," त्यांचा आवाज आपोआप खाली आला, "पण काय हात होता बाईंचा! गवंड्याला लाजवील. दुपारची वेळ. पदर खोचलेला. सुक्याला म्हणाल्या, थापी दे इकडं, तुला जमायचं नाही. आणि बसल्या खाली. मी इकडून बघतोय. अगदी तळापासून सुरुवात. थापीनं चुना आत सारायचा, बोटानं दाबायचा, कडा पुसायची. घाई नाही. एक वीत झाली, दोन वीत झाल्या. हाताला चुना लागून कातडी उलते, पण थांबल्या नाहीत. उजेड वर वर जात चाललाय, आणि मी आपला मान वर करत चाललोय. शेवटी शेवटी, डोक्याच्या वर, एवढीशी जागा राहिली, आण्याच्या नाण्याएवढा उजेड असेल. तिथं बोट टेकवून त्या जरा थांबल्या. मला वाटलं ठेवतात. एवढी ठेवतात. मग तीही…"

अमृतचं पेन थांबलं होतं. तो गोष्ट ऐकत होता, अहवाल विसरून. गोविंदरावांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांना छान वाटत होतं.

"खोटं!" सोमी म्हणाली.

ती चटईची गुंडाळी मांडीवर घेऊन बसली होती. वारल्यांच्या बाया चेअरमनलाही तू म्हणतात, साहेबालाही तूच म्हणतात. तिनं अमृतकडे पाहिलं.

"हा खोटं बोलतो सायेब. लिवू नको ते. बाय त्या दिशी इथं नव्हतीच. शनिवार होता, पावणे येणार म्हणून घरा गेलेली. घमेला माझ्या डोक्यावर होता, मला नाय म्हाईत? चुना मी दिला, थापी सुक्याची, हात याचा. सुक्या बोलला, शेट मी भरतो. तर यानं त्याला हात लावू दिला नाय. खालपासून वरपर्यंत यानंच भरला, आणि सगळा वेळ नाक वढत होता. मला वाटला याला पडसा झाला. मग उरलेल्या मालानं सुक्यानं पलीकडचा काथ्या काढून ती बाजू पण बुजवली, खुशीत."

"सोमी," गोविंदराव म्हणाले. त्यांनी चष्मा खाली ओढला.

"काय सोमी? सोमवारी बाय आली. चुना वला होता अजून, बोट घातला तर आत जात होता. मी बोलली, बाय, यानं भरलाय, सुकला नाय, आताच्या आता काढून टाकते. ती उभी राहिली तिथंच, बघत. मग बोलली, नको सोमी. ज्यानं भरलाय त्यालाच काढू दे."